सिझेरियन आणि रक्तसाठवण शेजारच्या तालुक्यात हलवायचं पत्र निघालंय: हरकत कशी घ्यायची, काय काय जमवायचं?

डवरा | सोमवार, सकाळी ९:१२

आपल्या ग्रामीण रुग्णालयातलं सिझेरियन, रक्तसाठवण केंद्र आणि नवजात बाळांच्या चार खाटा शेजारच्या तालुक्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात "तात्पुरत्या स्वरूपात" वर्ग करण्याचं पत्र आलंय. अंतर ५८ किलोमीटर. इमारत इथेच राहणार, ओपीडी चालू राहणार, पाटीही तीच राहणार. त्यामुळे गावात बऱ्याच जणांना वाटतंय की फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं. एखादं रुग्णालय "प्रथम संदर्भ सेवा केंद्र" म्हणजे एफआरयू ठरतं ते चोवीस तास मिळणाऱ्या तीन गोष्टींवर: अडलेल्या बाळंतिणीचं ऑपरेशन, नवजात बाळाची काळजी आणि रक्त. यातली एक गेली की बाकीच्या दोन असून नसल्यासारख्या. इथे तिन्ही एकाच पत्रात चालल्यात.

अर्जात नुसतं "तालुक्यावर अन्याय होत आहे" लिहून दिलं तर एका ओळीचं उत्तर येईल: सेवा बंद केलेली नाही, एकत्रित केली आहे. म्हणून तास, नोंदी आणि आकडे हवेत. ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते इथे टाका, त्यातून अर्ज बांधू. ग्रामसभांचे ठराव त्यालाच जोडू.

लेबररूम | सोमवार, सकाळी ११:४०

डवरा भाऊ, किलोमीटर खोडा, मिनिटं लिहा.

मातामृत्यूच्या कामात एक तक्ता नेहमी वापरतात. गुंतागुंत सुरू झाली आणि उपचार मिळालाच नाही, तर सरासरी किती वेळात जीव जातो याचा. बाळंतपणाआधीचा रक्तस्राव १२ तास, गर्भाशय फाटणं १ दिवस, झटके २ दिवस, अडलेली प्रसूती ३ दिवस, जंतुसंसर्ग ६ दिवस. आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव फक्त २ तास. अर्जाचा पाया या दोन तासांवर उभा करा. झटक्याच्या बाईला सिस्टर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन पुढे पाठवू शकते, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मिळून १० ग्रॅम. त्याने वेळ मिळतो. रक्तस्रावात ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन), गर्भाशय चोळणं, सलाईन, लघवीची पिशवी रिकामी ठेवायला कॅथेटर हे सगळं इथे होईल. पण गर्भाशय आवळलंच नाही तर पुढची पायरी रक्त आणि ऑपरेशन. त्याला दुसरा इलाज नाही.

आता ५८ किलोमीटर ताशी ४० च्या सरासरीने काढा. ८७ मिनिटं झाली. त्यात गाडी बोलावून यायचा वेळ, स्ट्रेचरवर घेण्याचा वेळ आणि तिकडे पोचल्यावर रक्तगट व क्रॉसमॅचचा (रक्त जुळतं का या तपासणीचा) वेळ धरलेला नाही. क्रॉसमॅचलाच पाऊण तास धरा. दोन तास रस्त्यातच संपतात.

शिवाय हा रक्तस्राव आधी ओळखता येतो असं समजू नका. नऊ महिने तपासण्या नीट झालेल्या, हिमोग्लोबिन बरं असलेल्या बाईलाही होतो. "जोखमीच्या बायांना आधीच तिकडे पाठवू" हे उत्तर तुम्हाला मिळेल, तेव्हा हा मुद्दा तयार ठेवा.

भूल | सोमवार, दुपारी २:०५

दुसरी बाजूही मांडतो, कारण अधिकारी तीच मांडतील आणि त्यात तथ्य आहे.

आठवड्याचे तास १६८. एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी चोवीस तास सिझेरियन कागदावरच होतं. दोघांपैकी एक रजेवर गेला की थिएटर बंद. म्हणून चार तज्ज्ञ एका ठिकाणी बसवून खरोखर चोवीस तास चालवू, असा विचार वर होतो. तो मूर्खपणाचा नाही. "आमच्या तालुक्यातून काहीही हलवू नका" अशी भूमिका घेतलीत तर पहिल्याच बैठकीत हराल. मेंदूची, हृदयाची, मोठ्या भाजलेल्या रुग्णांची सोय इथे नव्हती आणि असायची गरजही नाही. त्यासाठी नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, चंद्रपूर आहेत.

मागणी अशी ठेवा की इथली जागा भरण्याचे पर्याय आधी वापरा आणि वापरल्याची नोंद दाखवा. एक, एमबीबीएस डॉक्टरांसाठीचं भूल देण्याचं प्रशिक्षण (एलएसएएस). ते १८ आठवड्यांचं म्हणून सुरू झालं ते नेमकं अशाच रुग्णालयांसाठी. सिझेरियनसाठीही एमबीबीएस डॉक्टरांचं तसंच वेगळं प्रशिक्षण आहे. आपल्याकडचे किती डॉक्टर पाठवले, किती शिकून आले आणि शिकून आलेला डॉक्टर आज कुठे ओपीडी काढतोय, हे विचारा. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच असतो: माणूस शिकवला जातो आणि जिथे थिएटर नाही तिथे नेमला जातो. दोन, खासगी भूलतज्ज्ञ प्रति केस मानधनावर बोलावण्याची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. वर्षभरात किती वेळा बोलावलं आणि बिलं किती महिने थकली? बिल थकलं की रात्री दोनला फोन उचलला जात नाही, एवढं साधं आहे ते.

जुनीपऱ्हाटी | सोमवार, दुपारी ४:३०

पत्र बाळंतपणाचं आहे म्हणून चर्चा तिथेच अडकलीय. भूलतज्ज्ञ गेला की फवारणीच्या विषबाधेचे आणि सापाचे पेशंटही उघडे पडतात, हे अर्जात आलंच पाहिजे. श्वासनळीत नळी टाकणारा सरावाचा हात रुग्णालयात बहुधा तोच असतो.

मण्यार चावली की जागेवर सूजही नसते, दुखतही नाही. रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते, पहाटे पोटात दुखतं, पापण्या पडायला लागतात, मग श्वास उथळ होतो. प्रतिविष दिलं तरी श्वास परत येईपर्यंत अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) किंवा व्हेंटिलेटरवर धरावं लागतं. त्या माणसाला नळीशिवाय दीड तास गाडीत घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

घोणसचं उलटं. तिथे रक्त गोठणं बंद होतं. त्याची चाचणी जगात सर्वांत स्वस्त आहे: कोरड्या, नव्या काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग नळी हळूच तिरपी करायची. रक्त ओघळलं तर गोठत नाहीये. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल चुकतो, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागाने होते. प्रतिविष सुरुवातीला ८ ते १० व्हायल, प्रत्येकी १० मिली. मुलाला आणि मोठ्याला डोस तोच, कारण सापाने विष माणूस बघून कमी-जास्त सोडलेलं नसतं. ६ तासांनी तीच चाचणी पुन्हा. एका रात्री दोन पेशंट आले की २० व्हायल गेल्या. रोवणी-डवरणीच्या दिवसांत साठा किती असतो, ते भांडारातून लेखी घ्या.

फवारणीचं: २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून सगळ्यांना अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचं नाव माहीत झालं. पण किती लागतं ते माहीत नसतं. एका अ‍ॅम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या गंभीर पेशंटला ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर ५ मिनिटांनी दुप्पट करत जातात, छातीतली घरघर थांबेपर्यंत. ३ म्हणजे ५ अ‍ॅम्प्युल, मग १०, मग २०. पहिल्या १० मिनिटांतच ३५ फुटतात. आणि शुद्धीवर आला म्हणून सोडता येत नाही, २४ ते ९६ तासांत श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. त्या चार दिवसांत नळी टाकणारा हात जवळ लागतो.

रपटा | सोमवार, सायंकाळी ७:१८

रस्त्याचं मी सांगतो जी. त्या ५८ किलोमीटरमध्ये दोन ठिकाणी रपटा आहे. पूल नाही, रपटा, म्हणजे नाल्यातला बुटका रस्ता. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की इकडे कोरडं असूनही पाणी रपट्यावरून जाऊन रायते. तिकडे भामरागडला पर्लकोटा नदी चढली की आख्खा तालुका तुटतो हे दरवर्षी पेपरात येते. आपलं तेवढं नसलं तरी दिवसाचे चार-सहा तास रस्ता बंद पडतेच. बांधकाम उपविभागात आणि तहसीलच्या आपत्ती कक्षात रस्ता बंद-सुरू झाल्याची नोंद रायते. मागच्या तीन पावसाळ्यांची मागा. आपण तोंडी सांगितलं तर "अधूनमधून होतं" म्हणतील. त्यांच्याच वहीतल्या तारखा पुढे ठेवा.

दुसरं, गाडीचा हिशेब कोणी करत नाही. जायला ८७ मिनिटं, तिकडे पेशंट सुपूर्द करायला अर्धा तास, यायला ८७ मिनिटं. म्हणजे २०४ मिनिटं, जवळजवळ साडेतीन तास गाडी तालुक्याबाहेर. १०८ सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा सगळ्या राज्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या फक्त २३३ व्हेंटिलेटरवाल्या, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड. बाकी ७०४ साध्या. रोज दोन बाया तिकडे न्यायच्या म्हटलं तर सात तास गाडी नाही. त्या सात तासांत हायवेवर अपघात झाला तर काळी-पिवळी जीपमध्ये टाकून न्या, हेच उरते. सेवा हलवणाऱ्या पत्रात जास्तीच्या गाडीचा एक शब्द नाही, हे अर्जात लिहा.

शीतसाखळी | सोमवार, रात्री ९:५०

रक्तसाठवण केंद्राबद्दल. फ्रिज गाडीत टाकून नेला म्हणजे केंद्र हललं, असं होत नाही. या केंद्राला अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी लागते. जागेची तपासणी होते: किमान १० चौरस मीटर खोली, वातानुकूलन, रक्तासाठीचा खास फ्रिज (घरगुती चालत नाही), २ ते ६ अंश तापमान, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि परवानाधारक रक्तपेढीशी जोडणी. मंजुरीची मुदत २ वर्षं. इथलं केंद्र सहा महिने "तात्पुरतं" बंद राहिलं आणि त्यातच मुदत संपली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. म्हणून पहिला प्रश्न: आपल्या केंद्राच्या मंजुरीची शेवटची तारीख कोणती आणि नूतनीकरणाचा अर्ज गेलाय का?

केंद्र कमी वापराचं म्हणून बंद करतायत असं सांगतील. वापर कमी का दिसतो ते समजून घ्या. लाल पेशींची पिशवी ३५ किंवा ४२ दिवस टिकते, त्यात कोणतं द्रावण घातलंय त्यावर. ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या ठेवल्या, वापर झाला नाही, मुदत संपली की "वाया" या रकान्यात जातात. पुढच्या वेळी वाया जायच्या भीतीने मागणीच कमी करतात. मग निकडीला पिशवी नसते, पेशंट रेफर होतो आणि वापर आणखी घटतो. उपाय सोपा आहे: मुदतीला १०-१२ दिवस राहिले की पिशवी मातृ-रक्तपेढीला (ज्या रक्तपेढीशी केंद्र जोडलंय तिला) परत द्यायची, तिथे ती खपते. ही फिरवाफिरव होत होती का, ते आवक-परत नोंदीत दिसेल.

आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंटही आहेत, त्यांनाही रक्त लागतं. नागपूरपासून गडचिरोली-गोंदियापर्यंतच्या पट्ट्यात हे वेगळं सांगावं लागत नाही, पण अर्जात त्यांची तालुक्यातली नोंदलेली संख्या टाका. आरोग्य विभागाकडेच ती आहे.

एक बारीक गोष्ट: ऑक्सिटोसिनही २ ते ८ अंशातच ठेवायचं औषध आहे. रक्ताचा फ्रिज गेला, त्याच्यासोबत जनरेटरची जोडणी गेली, तर प्रसूतिगृहातला फ्रिज भारनियमनात कशावर चालणार? उन्हाळ्यात इथे ४५ अंश असतं. इंजेक्शन दिलं पण गुण आला नाही, अशी तक्रार मग होते आणि खापर सिस्टरवर फुटतं.

लेबररूम | मंगळवार, सकाळी ८:२५

शीतसाखळी ताईंनी वापर कमी दिसण्याचं जे सांगितलं तेच प्रसूतीच्या आकड्यांचं आहे. "महिन्याला चारच सिझेरियन होतात" हा आकडा पुढे येईल. त्याला असं उत्तर द्या.

तालुक्याची लोकसंख्या १,२०,००० धरा, जन्मदर हजारी १५. वर्षाला १,८०० बाळंतपणं. आंतरराष्ट्रीय मापदंडाप्रमाणे त्यातल्या साधारण १५ टक्क्यांत गंभीर गुंतागुंत अपेक्षित असते: २७०. सिझेरियनचं कमीत कमी प्रमाण ५ टक्के धरलं तरी वर्षाला ९०, महिन्याला सात-आठ. (आपल्या तालुक्याची खरी लोकसंख्या घालून आकडे बदला.) मग थिएटरच्या वहीत चार का? उरलेल्या बायका कुठे गेल्या? याचं उत्तर रेफर रजिस्टरमध्ये आहे. त्यात तारीख, वेळ, कारण आणि कुठे पाठवलं हे रकाने असतात. "कारण" या रकान्यात बघा: "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही", "रक्त उपलब्ध नाही" असं लिहिलेल्या नोंदी वेगळ्या काढा. अडलेली प्रसूती म्हणून पाठवलेली बाई आणि भूलतज्ज्ञ नाही म्हणून पाठवलेली बाई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी सगळ्यांपुढे नुसतं "पुढील उपचारार्थ" लिहितात. तसं असेल तर वेळेचा रकाना आणि ड्यूटी चार्ट समोरासमोर ठेवा. रेफर रात्री आणि शनिवार-रविवारी गोळा झालेले दिसले की कारण आपोआप कळतं.

म्हणजे आधी माणूस काढायचा, त्यामुळे आकडा पडतो आणि मग त्या आकड्यावर सेवा काढायची. हा क्रम तारखांनिशी दाखवता आला तर अर्जात दुसरं काही नसलं तरी चालेल.

आवकजावक | मंगळवार, दुपारी १२:१०

आता कागदांचं. वरचं सगळं वाचून सांगतो की लढाई "तात्पुरत्या स्वरूपात" या शब्दांवर आहे. सेवा कायम हलवायची तर पदं वर्ग करावी लागतात, त्याला शासन स्तरावरचा निर्णय लागतो. तात्पुरतं म्हटलं की प्रतिनियुक्तीच्या एका आदेशावर काम भागतं. बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. त्यात एप्रिल-मे सोडून मधल्या बदलीला कारणं लेखी नोंदवावी लागतात. प्रतिनियुक्तीने ते टाळता येतं. म्हणून मागणीत लिहा: आदेशाची मुदत किती, परतीची तारीख कोणती, मुदतवाढ कोणाच्या सहीने. तारीख नसलेल्या तात्पुरत्याला हरकत घ्या.

यंत्रं नेतील तेव्हा डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद होते. "उसनवार" आणि "वर्ग" हे दोन वेगळे शेरे आहेत. उसनवार दिलेलं भूलयंत्र परत मागता येतं, वर्ग केलेलं इथल्या यादीतूनच जातं. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून घेतलेली वस्तू असेल तर समितीच्या ठरावाशिवाय कशी गेली, ते विचारा. समितीच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. बैठकच झालेली नसते, असं बऱ्याचदा निघतं.

माहिती अधिकार: महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकात कोंबलं की अर्ज फेटाळतात. चार अर्ज करा: (१) आदेश आणि त्यामागची संपूर्ण टिपणी, (२) मंजूर-भरलेली-रिक्त पदं आणि प्रतिनियुक्त्या, गेली ३ वर्षं, (३) महिनावार प्रसूती, सिझेरियन, रेफर यांची फक्त संख्या, (४) रक्तसाठवण केंद्राची मंजुरी व आवक-वापर-परत नोंद. तिसऱ्यात रुग्णांची नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून नकार येईल आणि तो योग्यच असेल. फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. उत्तराला ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. त्यापुढे राज्य माहिती आयोग, त्याची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत.

पण ३० दिवस थांबायची गरज नाही. याच कायद्यातलं कलम ४(१)(ग) आणि (घ) वाचा. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं आणि बाधितांना कारणं देणं हे कार्यालयाचं स्वतःहून करायचं काम आहे. हरकतीच्या पहिल्या परिच्छेदात हे कलम टाका.

ग्रामसभा: गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असलेली संख्या. ठरावात "निषेध" एवढंच नको. गावापासून इथलं अंतर, तिथलं अंतर, रपट्यांची संख्या, गावातल्या गेल्या वर्षीच्या बाळंतपणांचा आकडा लिहा. आशा ताईंच्या वहीत तो असतो. ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्का असलेली नक्कल घ्या. मोबाईलवरचा फोटो जोडला तर त्याला कागद म्हणून किंमत राहत नाही.

डवरा | मंगळवार, सायंकाळी ६:४५

आवकजावक दादा, हे सगळं कोणाच्या नावाने द्यायचं? आणि कोर्टाचं काय? काही जण आत्ताच नागपूर खंडपीठात जायचं म्हणतायत. दुसरं म्हणजे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात तर सगळं मोफत आहे, मग लोकांना खर्च कसला, असं एक साहेब म्हणाले. त्याला काय उत्तर द्यायचं?

लेबररूम | मंगळवार, रात्री ८:०२

खर्चाचं मी सांगते. २०११ च्या त्या कार्यक्रमात औषधं, तपासण्या, रक्त, नेणं-आणणं मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस, तेही बाळंतिणीला. सोबतच्या बाईचं जेवण, घरच्या माणसाची रोज ये-जा, बुडालेली ७ दिवसांची मजुरी यात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एका घरातली दोन माणसं आठवडाभर ५८ किलोमीटरवर बसली तर हंगामच गेला. म्हणून बाई "बघू उद्या" म्हणून घरीच थांबते. निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर: मातामृत्यूचे हे तीन उशीर सगळ्या प्रशिक्षणांत शिकवतात. सेवा लांब गेली की पहिला उशीरही वाढतो, फक्त दुसरा नाही.

आवकजावक | मंगळवार, रात्री १०:३०

कोर्टाचा रस्ता आहे. तातडीचा उपचार मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पैशाची अडचण हे सरकारचं उत्तर होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या निकालात म्हटलंय. पण खंडपीठ पहिलं हेच विचारेल की निवेदन दिलं का, उत्तर काय आलं. त्यामुळे आधी निवेदन. १५ दिवसांची मुदत त्यातच लिहा.

निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, कारण ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं त्यांच्याकडे आहेत. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे देऊ नका, त्यांच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं. चूक नावाने दिलेला अर्ज महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. प्रती जिल्हाधिकारी, आरोग्य उपसंचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि आमदारांना. आमदारांच्या प्रतीसोबत लेबररूम ताईंचा हिशेब आणि रपटा भाऊंच्या तारखा एका पानावर काढून द्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात लक्षवेधी लावायची तर एवढंच पान लागतं. तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन, पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा. दोन्हीकडे द्या.

भूल डॉक्टरांचे दोन प्रश्न, म्हणजे प्रशिक्षित डॉक्टर कुठे नेमलाय आणि प्रति केस बिलं किती थकलीत, हे निवेदनात सर्वांत वर घ्या. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर उमटलाय का ते खिडकीवरच बघा. शिक्क्यातली तारीख पुसट असेल तर बाबूंकडून पेनाने लिहून सही घ्या. १५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.